सुगंधाकाकींच्या शुगरच्या गोळ्या

काकी, आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते किराणाच्या यादीपुरतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा चुका तुम्हाला दिसल्याच नसत्या. पण मला दिसतात आणि खोडून परत लिहिलं की कागद आणखी घाण होतो. मी पोळ्या करते त्यातल्या एका घरच्या वहिनींनी मागच्या वर्षीची डायरी टाकायला दिली होती, तिच्यात लिहिते आहे. डायरी तांदळाच्या डब्याखाली ठेवते. खोलीत मी एकटीच असते, तरी लपवते. सवय झाली आहे.

तुम्ही गेल्याचं मला अठ्ठावीस दिवसांनी कळलं. आपली तीन महिन्यांची तारीख होती. मी सेंटरवर वेळेत आले, बाकावर तुमच्यासाठी पिशवी ठेवून जागा धरली. साडेबारा वाजले, गोळ्यांची खिडकी बंद व्हायची वेळ झाली, तरी तुम्ही आला नाहीत. तुम्ही तारीख कधी चुकवली नव्हती. दोन दिवस वाट पाहिली आणि फोन लावला. तुमच्या सुनेने उचलला.

"काकी आहेत का?"

"आई गेल्या. महिना होत आला. तुम्ही कोण? शुगरवाल्या कमल का?"

मी फोन ठेवून दिला. वाईट वाटलं म्हणून ठेवला असं लिहिता येईल, पण ते खरं नाही. भीतीने ठेवला. मग मी गॅस लावला आणि संध्याकाळचा भात टाकला. रडू आलं नाही. अजून नीटसं आलेलं नाही. डोक्यात पहिला विचार आला तो नऊ हजारांचा. तुमचे माझ्याकडे नऊ हजार राहिले होते आणि ते राहिले आहेत हे आता फक्त मला माहीत होतं.

आपली ओळख वाचण्यावरून झाली. तुम्ही शेजारी बसला होतात, कमरेची पिशवी सावरत. सेंटरचं पुस्तक माझ्यापुढे धरलंत. "बग गो बाय, कवाची तारीख दिलीय." मी तारीख वाचली. "अजून काय लिवलंय?" मी वजन वाचलं. "यो काटा खोटा हाय," म्हणालात आणि पुस्तक परत पिशवीत टाकलंत. मला हसू आलं. त्या बाकावर मी त्याआधी कधी हसले नव्हते.

तुम्ही तळवलीच्या. जवळचं सेंटर सोडून इतक्या लांब यायचात, कारण जवळच्या सेंटरवर गावातलं कोणी ना कोणी कामाला असणार. मीही नेरूळहून तेवढ्यासाठीच लांब यायचे. बाकावरच्या सगळ्याच बायका अशा. ज्यांचं घर लांब तेच त्या सेंटरचे पेशंट. आपण कोणी कोणाला आडनाव विचारत नव्हतो, हा एचआयव्ही कसा आला तेही विचारत नव्हतो. नवऱ्याकडून, हे उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा आपण दोघी जुन्या गोळीवर होतो. तिने जीव वाचला हे खरं. पण कातडीखालची चरबी तिने नेली आणि पोटात, मानेच्या मागे आणून ठेवली. माझे गाल आत गेले. ज्या घरी पोळ्या करायचे तिथल्या आजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "कमल, तुला टीबी तर नाही ना?" पुढच्या महिन्यात त्यांना दुसरी बाई मिळाली. तुमचे पाय गेले. तुमच्या वयाच्या बायका गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात, आणि तुमच्या पोटऱ्यांच्या काड्या होऊन वर शिरा दोरीसारख्या उठल्या. तुम्ही लुगडं घोट्यापर्यंत सोडलंत. गावातल्या बायका म्हणाल्या, "सुगंधा शेठानी झाली, आता पाय दाखवायला लाजते." तुम्ही मला हे सांगून वर म्हणालात, "बोलूंदे. शेठानी म्हनतान ना, दुसरं काय म्हनत नाय."

मग गोळी बदलली. गेलेले गाल पूर्ण कधी आले नाहीत. आणि पुढे काही वर्षांनी तुम्हाला ती नवीन गोळी सुरू झाली, रात्री जेवल्यावर एकच. तिच्यावर तुमचं वजन वाढायला लागलं. वर्षाच्या आत अकरा किलो. गोळीने काही जणांचं असं होतं, भूक लागते, डॉक्टरांनी समजावलं होतं. काउन्सिलर मॅडम म्हणाल्या, "काकी, पोट कमी करा." तुम्ही म्हणालात, "मॅडम, या पोटानं माझी अब्रू राखलीय." मॅडमना ते कळलं की नाही कोण जाणे. मला कळलं. आपल्याकडे या आजाराचं माणूस वाळत वाळत मरतं, असं लोकांनी पाहिलेलं आहे. जाड बाईवर कोणी संशय घेत नाही. तुम्ही भात वाढवलात, संध्याकाळची बिस्किटं वाढवलीत. तुम्ही म्हणायचात, "बारीक झालू का लोक विचारतान. जाडी झालू का खायला देतान."

तुम्हाला शुगर निघाली त्या दिवशी तुम्ही पेढे आणले होते. हे मी कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. बाकावर बसून पिशवीतून पुडा काढलात आणि मला दोन दिलेत.

"कशाचे, काकी? नातू पास झाला?"

"मना शुगर हाय."

मी पेढा हातात धरून बसले. तुम्ही मला समजावलंत. आजवर गोळ्या मिश्रीच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवायला लागायच्या, हलवल्या तर वाजायच्या म्हणून. रोज रात्री मिश्री लावायला म्हणून मोरीत जायचं आणि गोळी गिळायची. आता शुगर झाली. शुगर कोणालाही सांगता येते. गावात घरटी एकाला शुगर आहे. आता गोळ्या फ्रीजवर, सगळ्यांच्या समोर राहतील. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जाते ती शुगरसाठी. रक्त काढतात ते शुगरसाठी. "सगल्या गोष्टीला एकच उत्तर मिलालं," म्हणालात. सुनेने प्लास्टिकची एक मोठी डबी आणली आणि तिच्यावर मार्करने 'आई – शुगर' लिहिलं. तुम्ही सेंटरच्या बाटलीतल्या मोठ्या गोळ्या त्या डबीत ओतल्यात आणि वर शुगरच्या गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्यात. रिकामी बाटली वाटेत कचऱ्यात टाकून यायचात. तुमच्या फोनमध्ये नातवाकडून माझं नाव 'शुगर कमल' करून घेतलंत. मीही तुमचं 'शुगर काकी' केलं. तेव्हा मला शुगर नव्हती. अजून नाही.

मी पेढा खाल्ला. तुम्ही तीन खाल्लेत.

एकदा सीवूड्सच्या मॉलमध्ये आपण समोरासमोर आलो. मी एका वहिनींबरोबर त्यांच्या सामानाच्या पिशव्या धरायला आले होते. तुम्ही मुलगा, सून, नातवंडं घेऊन आइस्क्रीमच्या दुकानापुढे. तुम्ही मला पाहिलंत आणि मान वळवून वरच्या दिव्यांकडे पाहू लागलात, जणू दिवे मोजायला आला आहात. मीही पिशवीची गाठ सोडून परत बांधली. आपलं ठरलेलंच होतं की बाहेर ओळख दाखवायची नाही, पण ते इतकं नीट जमेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या तारखेला तुम्ही म्हणालात, "तुझी मालकीन लई घमेंडी दिसते गो." मी म्हटलं, "तुमचं आइस्क्रीम कोणत्या शुगरचं होतं?" तुम्ही मला कोपराने ढोसलंत.

तुमच्याकडून तीस हजार घेतले ते माझ्या पोटाच्या दुखण्यात. माझ्या आधीच्या गोळ्या चालेनाशा झाल्या, म्हणून मला सेकंड लाईनच्या दिल्या होत्या. दोन वर्षं बरं चाललं. मग एके दिवशी दुपारी पोळ्या लाटता लाटता पोटात कळ आली ती थेट पाठीत गेली. उभं राहवेना. वहिनींनी जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे रक्त काढलं तर नळीत ते लाल कमी आणि दुधासारखं जास्त दिसत होतं, वर साय धरल्यासारखं. रक्त काढणाऱ्या मुलाने ती नळी दुसऱ्याला दाखवली. रक्तातली चरबी एवढी वाढली होती की स्वादुपिंडाला सूज आली होती. त्या गोळ्यांनी असं होऊ शकतं, हे नंतर आपल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळ्या बदलल्या. पण त्या दिवशी काउंटरवर आधी पैसे भरायचे होते आणि मला फोन करायला दुसरं कोणी नव्हतं.

तुम्ही रिक्षाने आलात. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" "मावशी," म्हणालात आणि लुगड्याच्या ओट्यातून नोटा काढल्यात. तुम्ही भाड्याने दिलेल्या खोल्यांचे पैसे होते ते. मला म्हणालात, "माज्या पोराला सांगू नको. भाडं भरलं नाय असं मी त्याला सांगीन." बाहेर ओळख दाखवायची नाही हा नियम तुम्ही त्या दिवशी मोडलात. मी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. तोंडातून शब्द निघत नाहीत माझ्या, तुम्हाला माहीत आहे. मी फक्त म्हटलं, फेडीन.

तेव्हापासून मी सीवूड्सच्या घरांत पुऱ्या तळते, भजी तळते, आणि घरी येऊन तेलाशिवाय भाजी करून खाते. चरबी आटोक्यात आहे. मला तुमची ती रात्रीची गोळी मिळाली. आणि दर तारखेला मी तुम्हाला जमतील तसे पैसे देत गेले, कधी पाचशे, कधी हजार. तुम्ही न मोजता ओट्यात टाकायचात.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

तुम्ही शुगरच्या गोळ्या घेत नव्हता, हे मला माहीत होतं. पूर्ण माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं की विचारायला हवं. सुरुवातीला घेतल्यात तेव्हा तुमचं पोट बिघडलं. त्या गोळीने पहिल्यांदा तसं होतं, जेवणानंतर घ्या म्हणजे होणार नाही, असं डॉक्टर म्हणालेही होते. पण तुमचं दोन किलो वजन उतरलं आणि नळावर कोणीतरी म्हणालं, "काकी, सुकलीस गो." बस. त्या दिवसापासून तुम्ही थांबलात. मला सांगितलंत ते असं, की मोठ्या गोळीला अंगात एकटीला राहू द्यावं, दोन गोळ्या आत भांडतात. मी म्हटलं, असं नसतं काकी, डॉक्टरांनी दोन्ही दिल्यात. तुम्ही म्हणालात, "घेन गो, घेन." पुढच्या वेळी विचारलं तर म्हणालात घेते आहे.

सेंटरवर मोठ्या गोळ्या मोजतात. किती नेल्या, किती उरल्या, हिशोब लागला नाही तर मॅडम बसवून विचारतात. शुगरच्या गोळ्या कोणी मोजत नाही. तुम्हाला ते बरोबर समजलं होतं. तपासणीच्या आधी तुम्ही दोन दिवस भात सोडायचात, कारल्याचं पाणी प्यायचात आणि उपाशीपोटीची शुगर बऱ्यापैकी यायची. तुम्ही मला ते अभिमानाने सांगायचात, परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या मुलीसारखं. खरं म्हणजे तुम्ही शुगर सगळ्या गावाला सांगितलीत. तुमचा स्वतःचा मात्र तिच्यावर विश्वास नव्हता. तुमच्या लेखी आजार एकच होता, दुसरा त्यावर घालायचं पांघरूण.

मी मॅडमना सांगू शकले असते. त्यांची खोली बाकापासून चार पावलांवर होती. मी लाजरी आहे हे एक कारण. दुसरं कारण मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी तुमची देणेकरी होते. जिचे पैसे घेतले तिची चुगली कशी करायची? घरात काम करते तिथेही मी असंच करते. ज्या वहिनींकडून उचल घेतली असेल त्यांच्या आमटीत मीठ जास्त झालं तरी मी म्हणते, छान झाली.

शेवटच्या तारखेला मात्र मी बोलले. तुमच्या पायाला मुंग्या येत होत्या, चालताना दम लागत होता, बाकावर बसलात तरी घाम जात नव्हता. तुम्ही पिशवीतून बालूशाही काढलीत. मी म्हटलं, "काकी, शुगर लोकांना दाखवायला नसते. गोळ्या घेता का नाही ते आज खरं सांगा. नाहीतर मी मॅडमना सांगते."

शेजारच्या दोन बायका बघायला लागल्या. तुमचा चेहरा बदलला. तुम्ही हळू आवाजात बोललात, ते जास्त लागलं.

"तू मना शिकवतंस? चौथी शिकली न् डाक्टर झाली. आधी माझे पैसे दे, मंग तोंड उघड."

मी पिशवीत हात घातला. त्या दिवसाचे हजार आणले होते, ते तुमच्या मांडीवर ठेवले आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. मॅडमकडे गेले नाही. तुम्ही गोळ्या घेऊन माझ्यासमोरून गेलात, थांबल्यासारख्या झालात, मग गेलात. नंतर तुमचे दोन फोन आले. एक चार दिवसांनी, एक गणपतीच्या आधी. मी उचलले नाहीत. मी ठरवलं होतं की पुढच्या तारखेला जास्त पैसे न्यायचे आणि मगच बोलायचं. दोन घरांतून जास्तीची कामं धरली. तुमच्यावरचा राग मी पोळ्यांवर काढत होते, असं म्हटलं तरी चालेल.

तुम्हाला त्या फोनवर काय सांगायचं होतं ते आता कळणार नाही. कदाचित गणपतीत पातोळ्या खायला बोलवायचं असेल. कदाचित पैशांचीच आठवण करायची असेल. मी दोन्ही मनात धरून पाहिलं. दोन्ही तुमच्यासारखंच आहे.

तर नऊ हजार राहिले. ते फेडले नाहीत तर कोणी विचारणार नव्हतं. तुमच्या मुलाला माहीत नव्हते, सुनेला माहीत नव्हते, कागद नव्हता. पण तुमच्या तोंडचं शेवटचं वाक्य पैशांचं होतं आणि ते तसंच ठेवून मला जगायचं नव्हतं. अडचण एवढीच की तुमच्या घरी हप्त्याने जाता येणार नव्हतं. दर महिन्याला पाचशे रुपये घेऊन एक अनोळखी बाई तळवलीत का येते, हे पहिल्या दोन वेळांतच निघालं असतं. जायचं तर एकदाच, सगळे घेऊन. आणि माझ्या तोंडून एक शब्द वाकडा गेला तर तुम्ही इतकी वर्षं जे राखलंत ते तुमच्या माघारी मी घालवणार. माझं गेलं असतं ते वेगळंच.

साडेपाच हजार साठले होते. एका वहिनींकडून दोन हजार उचल घेतली. उरलेल्यासाठी मी कानातले गहाण ठेवणार होते, पण दुसऱ्या वहिनींनी दिवाळीचं आधीच दिलं. कशाला हवेत हे दोघींनीही विचारलं. मी म्हटलं, देणं आहे.

मी दुपारी आले. तुमची सून घरी एकटी होती. दर्शना तिचं नाव, हे मला माहीत होतं, पण ती एवढी बारीक आणि लहान दिसणारी असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही तिला नेहमी 'आमचं मोठं मानूस' म्हणायचात. तुमच्या फोटोला हार होता. फोटोत तुमचे गाल भरलेले आहेत. तुम्ही त्यावर खूश झाला असतात.

"मी कमल. फोन मीच केला होता."

"शुगरवाल्या ना? बसा ना. आई तुमचं नाव खूप घ्यायच्या. म्हणायच्या, कमल वाचते, म्हणून मला कळतं."

तिने पाणी दिलं, मग बिनसाखरेचा चहा केला, मला शुगर आहे म्हणून. मी तो प्यायले. तिनेच सगळं सांगितलं. सकाळी तुम्हाला दरदरून घाम आला, तुम्ही पित्त झालंय म्हणालात, सोडा मागितलात. छातीत दुखतं असं म्हणालाच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. "डॉक्टर म्हणाले, शुगरवाल्यांना अटॅकचं दुखणं कधी कधी कळतच नाही. पण आई तर वेळेवर गोळ्या घ्यायच्या हो. रोज रात्री जेवल्यावर. मी स्वतः डबी हातात द्यायचे."

मी कप खाली ठेवला.

मग ती उठली आणि फ्रीजवरून डबी घेऊन आली. 'आई – शुगर'. मार्कर पुसट झाला होता. "तुम्हाला उपयोग होईल तर घेऊन जा. टाकायला जीव होत नाही. पट्ट्यांवर नाव आहे, पण ह्या सुट्या गोळ्यांवर काहीच नाही. ह्यांना म्हटलं, केमिस्टला दाखवून विचारा कशाच्या आहेत, म्हणजे कोणाला देता येतील. ते उद्या नेणार होते."

काकी, तो केमिस्ट गावातला असणार आणि त्याने ती गोळी एका नजरेत ओळखली असती. मला खोटं बोलता येत नाही, अडखळते. पण खोटं बोलावं लागलंच नाही.

"माझ्याही ह्याच आहेत," मी म्हटलं. "मी रोज रात्री हीच घेते."

"मग घेऊन जा," दर्शना म्हणाली आणि डबी माझ्या पिशवीत टाकली.

खोलीवर येऊन मी डबी उघडली. सुट्या गोळ्या मोजल्या. सव्वीस. तुम्ही गेलात त्या सकाळपासून आपल्या तारखेपर्यंत बरोबर सव्वीस रात्री होतात. एकही चुकली नव्हती. आणि शुगरच्या पट्ट्या अकरा. दहा दहा गोळ्यांच्या. एकीचीही चांदी फोडलेली नव्हती. दर्शना रोज रात्री डबी हातात देत होती आणि तुम्ही तिच्या डोळ्यांसमोर, वरच्या पट्ट्या बाजूला सारून, खालची गोळी उचलत होता. तुम्ही त्या घेतल्या असत्या तर आज असता की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारणार नाही. मोठ्या गोळ्या मी मॅडमकडे नेऊन दिल्या आणि तुम्ही गेल्याचं सांगितलं. पट्ट्यांबद्दलही सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दार लावलं. मी बरंच बोलले. मग त्यांनी विचारलं, तुमची स्वतःची चरबी शेवटची कधी तपासली? मी तपासणीची पावती दाखवली.

पण त्या दुपारचं तुमच्या घरातलं सांगायचं अजून राहिलं. डबी पिशवीत गेली, चहा संपला, तरी मी उठेना. दर्शनाला वाटलं असेल बाईला बोलायचं आहे. मी रुमालाची गाठ सोडली आणि पैसे तिच्यासमोर ठेवले.

"हे काय?"

"काकींचे आहेत. माझ्या आजारपणात दिले होते. तीस हजार. एकवीस मी त्यांना दिले, हे नऊ राहिले होते."

"आईंनी? तीस हजार?" ती फोटोकडे बघायला लागली. "आम्हाला कधी बोलल्या नाहीत. शुगरला एवढा खर्च आला तुम्हाला?"

"रक्तात चरबी फार झाली होती. पोटात सूज आली. ऑपरेशन नाही झालं, पण आठ दिवस ठेवलं होतं." यातला प्रत्येक शब्द खरा होता. "तेव्हा त्या रिक्षा करून आल्या. काउंटरवर मावशी म्हणून उभ्या राहिल्या."

दर्शनाने पैसे माझ्याकडे सरकवले. "राहू द्या. आईंनी दिले, कोणाला माहीतही नव्हतं. त्या असत्या तर घेतले नसते."

"घेतले असते," मी म्हटलं. "त्यांनी मागितले होते."

तिला ते आवडलं नसावं. सासूबद्दल कोणी असं बोललेलं कोणाला आवडेल? पण मी नोटा परत तिच्याकडे सरकवल्या आणि हात त्यांच्यावर ठेवला. मी एवढं कधी कोणाच्या घरात केलेलं नाही. शेवटी ती म्हणाली, मोजते मग. अंगठा जिभेला लावून तिने मोजल्या, पाचशेच्या अठरा. एक नोट जुनी होती, तिला टेप लावलेली. मी म्हटलं, चालत नसेल तर बदलून देते. ती म्हणाली, चालते.

मग तिने एका वहीत लिहिलं, भाड्याच्या खात्यात, आणि मला वाचून दाखवलं. कमल, नऊ हजार, मिळाले. मी म्हटलं, त्याच्यापुढे 'पूर्ण' लिहा. तिने पूर्ण लिहिलं.